माहितीची राखण : फाइल सर्व्हर दुरुस्त करताना

तुमच्या शाळेच्या कचेरीत एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस हे सारे त्यात लिहिलेले असते. कचेरीतील खुर्ची मोडली तर दुसरी आणता येते. लोखंडी कपाट गंजले तर नवे घेता येते. पण ते रजिस्टरच नाहीसे झाले, तर चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला दाखला कशावरून द्यावयाचा? वस्तू विकत मिळते, नोंद विकत मिळत नाही.

या रजिस्टराला धोका कधी असतो? वाळवी, पाऊस, आग यांची नावे तुम्ही चटकन घ्याल. पण आणखी एक दिवस धोक्याचा असतो. जुने कपाट काढून नवे आणण्याचा तो दिवस. त्या दिवशी सारे दप्तर जमिनीवर येते, चार माणसांचे हात लागतात, 'हे रद्दीत टाका' आणि 'हे वर ठेवा' अशा सूचना एकाच वेळी दिल्या जातात. हेतू चांगलाच असतो, पण नोंद गहाळ होण्याची संधीही तेव्हाच असते.

आज कचेऱ्या, बँका, रुग्णालये, प्रयोगशाळा यांचे बरेचसे दप्तर फाइल सर्व्हरवर असते. सर्व्हर म्हणजे वाढणारा. पंगतीत वाढपी जसा ज्याला जे हवे ते त्याच्या पानात वाढतो, तसा हा संगणक जाळ्यात जोडलेल्या इतर संगणकांना मागतील त्या फाइली पुरवतो. शेकडो माणसांचे काम एकाच ठिकाणी साठवलेले असते. अशा सर्व्हरची दुरुस्ती करताना किंवा त्याची क्षमता वाढवताना माहिती कशी जाते आणि ती जाऊ नये म्हणून काय करतात, हे आज आपण पाहू या.

तबकडी का बिघडते?

माहिती साठवण्याचे एक साधन म्हणजे हार्ड डिस्क. तिच्या पोटात चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. नेहमीच्या मोठ्या डिस्कमध्ये तबकडीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो आणि ती मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग किती येतो, गणित करून पाहा. परीघ सुमारे ३० सेंटिमीटर. त्याला १२० ने गुणले, की सेकंदाला ३६ मीटर. ताशी जवळजवळ १३० किलोमीटर! माहिती वाचणारे टोक या धावत्या तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अंतर किती सूक्ष्म आहे ते कळेल. वर्षानुवर्षे असे चालणारे यंत्र केव्हातरी बिघडणार, यात नवल नाही.

अलीकडे अनेक सर्व्हरांत फिरणारे भाग नसलेल्या डिस्का वापरतात. त्यांत माहिती विद्युत्भाराच्या रूपाने साठवलेली असते. पण पुन:पुन्हा लिहून त्यांचे कप्पेही झिजतात. सारांश, डिस्क कोणतीही असो, ती एक दिवस बंद पडेल असे धरूनच चालावे लागते.

बेरजेची युक्ती

यावर संगणकशास्त्रज्ञांनी एक सुरेख युक्ती योजली आहे. समजा, तीन मित्रांना एकेक संख्या लक्षात ठेवावयास सांगितली : ४७, ३२ आणि ६८. चौथ्या मित्राला या तिघांची बेरीज, म्हणजे १४७, लक्षात ठेवावयास सांगितली. आता दुसरा मित्र आपली संख्या विसरला तर? काळजीचे कारण नाही. १४७ मधून ४७ आणि ६८ वजा करा. ३२ परत मिळाले!

सर्व्हरमध्ये अशाच चार डिस्का लावतात. तीन डिस्कांवर माहिती आणि चौथीएवढ्या जागेत त्या तिघींची 'बेरीज'. संगणकाला फक्त ० आणि १ कळतात, म्हणून त्याची बेरीज आणखी सोपी असते. तिन्ही डिस्कांवरील एकाच जागेचे अंक पाहावयाचे. त्यांत १ हा अंक सम वेळा आला असेल तर चौथीवर ०, विषम वेळा आला असेल तर १ लिहावयाचा. या जादा अंकाला पॅरिटी म्हणतात. कोणतीही एक डिस्क बंद पडली, तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावरचा अंक न् अंक पुन्हा काढता येतो. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली अशा मांडण्यांवर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून या मांडणीला 'रेड' हे नाव रूढ झाले.

अकरा तासांची जोखीम

बंद पडलेली डिस्क काढून तेथे नवी बसवली, की सर्व्हर तिच्यावरची माहिती पुन्हा लिहू लागतो. याला वेळ किती लागतो? डिस्क ८ टेराबाइटची, म्हणजे ८ वर १२ शून्ये इतक्या बाइटांची आहे असे समजा. लिहिण्याचा वेग सेकंदाला २० कोटी बाइट धरला, तर भागाकार येतो ४० हजार सेकंद. म्हणजे सुमारे अकरा तास! लोक त्याच वेळी सर्व्हर वापरत असतील, तर याहूनही अधिक.

या अकरा तासांत आणखी एक डिस्क बंद पडली तर काय होईल? बीजगणित शिकलेल्यांना उत्तर लगेच सुचेल. समीकरण एक आणि अज्ञाते दोन. उत्तर निघणार नाही. चारही डिस्का एकाच दिवशी विकत घेतलेल्या असतील, तर त्या सारख्याच झिजलेल्या असतात, आणि नेमके याच वेळी त्यांच्यावर कामाचा ताण असतो.

म्हणून महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये दुसरे समीकरणही ठेवतात. आपल्या उदाहरणात पहिल्या संख्येला १ ने, दुसरीला २ ने आणि तिसरीला ३ ने गुणून बेरीज केली, तर ४७ + ६४ + २०४ = ३१५ येते. ही बेरीज पाचव्या मित्राला सांगून ठेवा. आता दुसरा आणि तिसरा असे दोघेही विसरले, तरी १४७ आणि ३१५ या दोन बेरजांवरून त्यांच्या संख्या निघतात. करून पाहा. संगणकातील प्रत्यक्ष गणिताची रीत वेगळी असते, पण तत्त्व हेच.

सर्व्हरची क्षमता वाढवण्यासाठी कधीकधी एकेक छोटी डिस्क काढून तेथे मोठी बसवतात. चार डिस्का बदलावयाच्या तर ही जोखीम चार वेळा पत्करावी लागते. शिवाय येथे हाताची चूकही महागात पडते. बिघडलेली डिस्क तिसरी असताना भलतीच ओढून काढली, तर एकाऐवजी दोन डिस्का गेल्यासारखे होते आणि सर्व्हर ठप्प होतो. यासाठी जाणते तंत्रज्ञ डिस्कवर छापलेला क्रमांक आधी वहीत टिपून घेतात आणि तो ताडून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावत नाहीत.

बेरीज कोठे अपुरी पडते?

आता एक प्रश्न विचारतो. पहिल्या मित्राने आपली संख्या विसरली नाही, तर कोणीतरी त्याला येऊन सांगितले, की "४७ पुसून टाक, ० लिही." तो आज्ञाधारकपणे ० लिहील. चौथा मित्रही आपली बेरीज निमूटपणे बदलून १०० करील. मग ४७ परत कोठून आणावयाचे?

मित्रहो, सगळ्या गोष्टीचे मर्म येथे आहे. पॅरिटी डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, पण चुकीच्या आज्ञेपासून वाचवत नाही. फाइल पुसण्याची आज्ञा मिळाली, की सर्व डिस्का ती तत्परतेने पाळतात.

जपानमधील क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये नेमके असे घडले. तेथील महासंगणकाच्या साठवण-यंत्रणेवर फाइलींच्या प्रती घेणारा एक प्रोग्रॅम चालत असे. दहा दिवसांपेक्षा जुन्या झालेल्या, नको असलेल्या नोंदी पुसणे हेही त्याचे एक काम होते. संगणक पुरवणाऱ्या कंपनीने या प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली; ती अधिक सुवाच्य व्हावी म्हणून त्यातील काही नावे बदलली. पण जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या जागी नवा ठेवला गेला.

नाटकातला प्रॉम्प्टर तुम्हाला ठाऊक असेल. तो विंगेत उभा राहून वहीतील ओळी वाचत असतो. मध्येच कोणी त्याच्या हातातील वही बदलून दुसरी दिली आणि तो त्याच पानावरून पुढे वाचू लागला, तर काय होईल? संगणक अशा प्रकारचा प्रोग्रॅम सगळा एकदम न वाचता थोडा थोडा वाचतो. त्यामुळे पहिला भाग जुन्या वहीतला आणि पुढचा नव्या वहीतला असे झाले. नव्या भागात जे नाव वापरले होते, त्याचा अर्थ सांगणारी ओळ वाचलीच गेली नव्हती. ते नाव कोरे राहिले. "अमुक कप्प्यातील दहा दिवसांपेक्षा जुने कागद फाडा" या आज्ञेतला 'अमुक कप्पा' हा शब्दच गळाला, की सारी खोली आज्ञेखाली येते. तसेच झाले. १४ ते १६ डिसेंबर या काळात सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधक-गटांना याची झळ बसली आणि त्यांतील चार गटांच्या फाइली परत आणता आल्या नाहीत.

येथे एकही डिस्क बिघडली नव्हती, हे लक्षात ठेवा.

न तपासलेली प्रत

"मग फाइलींची वेगळी प्रत काढून ठेवावी," असे तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. पण प्रत आहे असे वाटणे आणि प्रत असणे यांत फरक आहे.

गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम आपल्या सर्व्हरांवर साठवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एक अभियंता रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करीत होता. जोडीच्या दोन सर्व्हरांपैकी दुय्यम सर्व्हरवरचा कप्पा रिकामा करावयाचा होता. आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक ध्यानात येऊन त्याने काम थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

कंपनीकडे प्रती घेण्याच्या एकूण पाच व्यवस्था होत्या. पण गरज पडली तेव्हा त्यांतील एकही भरवशाची निघाली नाही. रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा चालत होता आणि माहिती नव्या आवृत्तीत होती; त्यामुळे तो दररोज काम अर्धवट सोडून थांबत असे. तसे कळवणारी पत्रेही तो पाठवी, परंतु ती ई-पत्रे वाटेतच नाकारली जात. सुदैवाने, दुसऱ्याच एका कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली आणि तिच्यावरून बहुतेक माहिती परत आली. मधल्या सहा तासांतले काही काम मात्र गेले.

यावरून बोध काय? प्रत काढली, एवढ्यावर थांबावयाचे नाही. तिच्यावरून फाइली परत आणून, त्या उघडून पाहावयाच्या. आग विझवण्याचा सराव आग लागण्यापूर्वीच करतात ना? तसाच हाही सराव.

एकाच छपराखाली

तिसरी घटना दक्षिण कोरियातील आहे. दाएजॉन शहरात सरकारी सर्व्हरांचे एक मोठे केंद्र आहे. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावेत म्हणून तेथे लिथियमचे विद्युत्घट ठेवलेले होते. ते सर्व्हरांजवळ असणे धोक्याचे, म्हणून त्यांना तळघरात हलवण्याचे काम हाती घेतले होते. ते चालू असतानाच २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली साठवणारी 'जी-ड्राइव्ह' नावाची यंत्रणा त्या आगीत जळाली. तिच्यावर सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती, आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून बाहेर प्रत ठेवलेली नाही, असे नंतर सांगण्यात आले. ज्या यंत्रणांच्या प्रती दुसरीकडे होत्या, त्यांची माहिती मात्र परत मिळवता येण्याजोगी होती.

धोका टाळण्यासाठी काढलेले कामच धोक्याचे ठरले. असे कधीतरी घडणारच. म्हणून काम थांबवावयाचे नसते, तर आधीची तयारी पक्की करावयाची असते.

या तिन्ही घटना शेजारी ठेवून पाहा, म्हणजे प्रतीची खरी व्याख्या सापडते. मूळ फाइलीवर जे संकट येईल, ते जिच्यावर येणार नाही, तीच प्रत. शेजारच्या डिस्कवर आपोआप उमटणारे प्रतिबिंब ही प्रत नव्हे. मूळ पुसले, की तेही पुसले जाते. त्याच खोलीत ठेवलेली डिस्क आगीच्या दृष्टीने प्रत नव्हे. आणि कधी उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा आहे!

म्हणूनच जाणकारांमध्ये तीन-दोन-एक असा नियम रूढ आहे. माहिती तीन ठिकाणी असावी, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असावी आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात असावी. दूरच्या प्रतीपैकी निदान एक तरी जाळ्यापासून सुटी ठेवलेली बरी. म्हणजे चुकीची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

प्रत आणि मूळ सारखे आहेत ना?

लाखो फाइली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेल्या, तर त्या जशाच्या तशा पोहोचल्या हे कसे कळावे? डोळ्यांनी ताडून पाहणे अशक्य. येथेही अंकगणितच मदतीला येते.

४७३८ या संख्येच्या अंकांची बेरीज २२. नकलताना ४७३९ झाले, तर बेरीज २३ येईल आणि चूक पकडली जाईल. पण ४३७८ झाले तर? बेरीज तीच, २२. चूक निसटली! म्हणून अंकाचे स्थानही हिशेबात घेणाऱ्या, अधिक गुंतागुंतीच्या रीती वापरतात. अशा एका प्रचलित रीतीत फाइल लहान असो वा मोठी, तिच्यापासून ० आणि १ अशा २५६ अंकांचा एक ठसा तयार होतो. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो. असे वेगवेगळे ठसे किती होऊ शकतील? सुमारे १ वर ७७ शून्ये इतके. तेव्हा दोन वेगळ्या फाइलींचे ठसे योगायोगाने सारखे येण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मूळ फाइलींचे ठसे आधी काढून ठेवावयाचे, प्रतींचे नंतर काढावयाचे आणि दोन्ही याद्या संगणकाकडूनच ताडून घ्यावयाच्या.

कामाचा क्रम

आता सर्व्हर बदलावयाचा झाल्यास कामे कोणत्या क्रमाने करावीत, ते सांगतो.

१. प्रथम संपूर्ण प्रत काढावी. तिचे ठसे ताडावेत आणि निवडक फाइली तिच्यावरून दुसऱ्याच संगणकावर परत आणून उघडाव्यात.

२. सर्वांना आगाऊ वेळ कळवून फाइलींत बदल करणे थांबवावे. प्रत निघत असताना कोणी लिहीत राहिले, तर फाइलीचा अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा येऊ शकतो.

३. माहिती कोठून कोठे जाणार आहे, ते कागदावर लिहून दुसऱ्या माणसाला वाचावयास द्यावे. दिशा उलटी झाली, तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर निघते आणि सारे पुसले जाते.

४. पुसण्याची कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, ते पुन्हा पाहावे. प्रोग्रॅम बदलावयाचा असेल, तर चालू असलेला आधी थांबवावा.

५. एका वेळी एकच बदल करावा. तो नीट झाल्याची खात्री पटल्यावर दुसरा.

६. नवा सर्व्हर चालू झाला, तरी जुन्या डिस्का लगेच पुसू नयेत. काही आठवडे तशाच बाजूला ठेवाव्यात. एखादी फाइल राहून गेल्याचे बरेचदा उशिरा कळते.

यांतील एकाही पायरीला फार मोठी विद्या लागत नाही, लागतो तो धीर. घाईच्या वेळी पहिली आणि सहावी पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच दोन पायऱ्या मागे परतण्याची वाट मोकळी ठेवतात.

करून पाहा

पाच मित्र जमवा. तिघांना तीन संख्या द्या, चौथ्याला साधी बेरीज आणि पाचव्याला १, २, ३ ने गुणून केलेली बेरीज सांगा. मग कोणत्याही दोघांना बाहेर पाठवून त्यांच्या संख्या शोधून काढा. दोघांच्या सर्व जोड्या घेऊन पाहा. प्रत्येक वेळी उत्तर निघते का? तिघांना बाहेर पाठवले तर काय होते?

आणि दुसरा प्रयोग घरचा. घरातील छायाचित्रे किंवा तुमच्या प्रकल्पाच्या फाइली किती ठिकाणी आहेत, ते मोजा. एकाच फोनमध्ये असतील, तर त्यांची प्रत काढा, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा आणि मग शक्य झाल्यास एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावयास द्या. फोन बदलण्याच्या आदल्या दिवशी हे करावयाचे. दुसऱ्या दिवशी नव्हे.